मागच्या सस्पेन्शनविषयी चार शब्द

स्नोमोबाईलच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल संयुक्त अरब अमिरातीतल्या मराठी माणसांचं मत काय आहे, हे जगात फक्त मला माहीत आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, पण आता कोणी विचारत नाही. ज्यांनी विचारलं होतं त्यांना खरं उत्तर नको होतं, हे मला नंतर कळलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं असं आई म्हणते. फिजिक्समध्ये हा धडा नसतो.

ज्यांना स्नोमोबाईल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे इथल्या सगळ्यांसाठीच. बर्फावर चालणारी मोटरसायकल समजा. पुढे चाकाऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा. त्या पट्ट्याच्या आत, बसणाऱ्याच्या बरोबर बुडाखाली, स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेली एक चौकट असते. तेच मागचं सस्पेन्शन. गाडी उंचवट्यावरून खाली आदळते तेव्हा बसणाऱ्याकडे ऊर्जा असते आणि ती कुठेतरी जावी लागते. स्प्रिंगेत गेली तर ठीक. स्प्रिंग संपली की ती मणक्यात जाते. एवढंच शास्त्र आहे. हे मी त्या दिवसांत इतक्या लोकांना समजावलं की ओवी, माझी धाकटी बहीण, मला बघितलं की म्हणायची, "प्लीज, नॉट द स्प्रिंग थिंग अगेन."

आता, उन्हाळ्यात जिथे नळाचं थंड पाणी गरम येतं त्या देशात स्नोमोबाईल कुठून आली? गुणवंतकाकांकडून आली.

गुणवंतकाका आमचे कोणी लागत नाहीत. बाबांना जो माणूस माझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो तो काका, असा आखातातला नियम आहे. त्यांची शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ट्रेडिंग कंपनी आहे. पाण्याचे पंप, एसीचे कॉम्प्रेसर, आणि कोणी मागेल ते. अबू धाबी एअरपोर्टच्या पलीकडे कोणीतरी बर्फाचा नवा हॉल उघडला, तिथे बर्फ सपाट करायला आणि पर्यटकांना एक फेरी मारून आणायला स्नोमोबाईल लागणार असं काकांच्या कानावर आलं, आणि काकांनी उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कंपनीला पत्र लिहून टाकलं की आम्ही तुमचे आखातातले अधिकृत डीलर व्हायला तयार आहोत. कंपनीने एक मशीन नमुना म्हणून पाठवलं आणि एक अट घातली. मागच्या सस्पेन्शनचं नवं डिझाइन आहे, त्यावर आम्ही सगळीकडच्या चालवणाऱ्यांची मतं मागवत आहोत. तुमच्या भागातल्या वीस रायडर्सची मतं पाठवा, मग बोलू.

त्याच आठवड्यात बाबा मला घेऊन काकांच्या घरी गेले होते. माझी अडचण अशी की मी या देशात जन्मलो, इथेच शाळा झाली, कॉलेजला तेवढा पुण्यात होतो. तिथे पोरं मला पाच वर्षं 'दुबई' म्हणत, मी अबू धाबीचा असूनही. पण इथे मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की बापाच्या व्हिसावरून उतरतो. स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा, नाहीतर स्वतःचं विमानाचं तिकीट. माझा पंचविसावा वाढदिवस तोंडावर आला होता. घरात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं. आई फक्त एकदा म्हणाली होती की या वर्षी केक नको, सुरीबिरी काही नको, गुपचूप होऊ दे, जणू काही मी वाढदिवस केला नाही तर सरकारला कळणार नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं, कंपनीच्या पत्राकडे बघितलं, आणि दोघांची गाठ मारली. मी सायन्सचा. मतं म्हणजे डेटा. डेटा म्हणजे सायन्स. हे काम करून दाखव, डीलरशिप आली की त्याच दिवशी व्हिसाची फाइल टाइप करायला देतो, इन्शाल्ला. 'इन्शाल्ला' हा शब्द अरब माणूस देवावर विश्वास म्हणून म्हणतो. आपला माणूस तो काम होण्याची खात्री नसली की म्हणतो.

मी मात्र कामाला लागलो. मी पद्धत ठरवली. प्रत्येक रायडरला वेगळं विचारायचं, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही. शिवाय माणसाच्या मतासोबत एक आकडाही हवा म्हणून मशीनच्या मागच्या रॅकला माझा फोन बांधून धक्के मोजायचे, कारण हल्लीच्या प्रत्येक फोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो. आईनं खालच्या मजल्यावर सांगून टाकलं की सत्यजित एका फॉरेन कंपनीसाठी रिसर्च करतोय. ते खोटं नव्हतं. अशा वाक्यांमुळेच पुढे त्रास होतो.

पहिली अडचण रायडर्सची. आखातात वीस स्नोमोबाईल रायडर कुठून आणायचे? त्यावर आमच्या इमारतीत सगळ्यांना सल्ला होता. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले की वाळवंटात बग्गी चालवणाऱ्यांना विचार, वाळू काय आणि बर्फ काय, दोन्ही पायाखालून सरकतंच. दुसऱ्यांनी सुचवलं की ग्रुपवर टाकून दे, सगळे अंगठा दाखवतील, मग त्याला मत म्हण. समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी, जे नातवाला बघायला नागपूरहून आले होते, मला अर्धा तास लॅम्ब्रेटाच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल सांगितलं. माझ्या सबंध संशोधनात मिळालेलं ते एकमेव प्रामाणिक मत, आणि ते स्कूटरचं होतं.

मी बर्फाच्या हॉलवर गेलो. तिथे एक जुनं मशीन होतं आणि ते चालवणारा एकच माणूस, यहया नावाचा इजिप्शियन सुपरवायझर. तो रोज चालवतो म्हणजे त्याला सगळं माहीत असणार, असं मला वाटलं. मी स्प्रिंगांचं विचारलं. त्यानं सांगितलं की हँडल गरम होतं ही फार चांगली सोय आहे, पण सीट गरम होत नाही आणि खरी अडचण ती आहे. मी पुन्हा मागच्या सस्पेन्शनवर आलो. "हबीबी," तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पीछे क्या है, मैं देखता नहीं. मैं आगे देखता है." मला एक रायडर मिळाला आणि त्याचं मत असं होतं.

दुसरी अडचण ऑफिसात बसली होती. हॉलचं सगळं परवानगीचं काम फिझा नावाची कराचीची मुलगी बघायची. माझ्याच वयाची असेल. तिनं नियम वाचून दाखवले. हॉलमध्ये मशीन चालवायला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. सर्टिफिकेट अधिकृत डीलरनं द्यावं लागतं. मी म्हटलं, अधिकृत डीलर व्हायला आम्हाला रायडर्सची मतं लागतात आणि मत द्यायला त्यांनी आधी मशीन चालवावं लागतं. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला वर्तुळ दिसलं.

"भाई, सिस्टम मैंने नहीं बनाया," ती म्हणाली, "मैं सिर्फ अपलोड करती हूँ."

हा तिढा मी रात्रंदिवस सोडवायला बसलो असतो. गुणवंतकाकांनी तो चहा संपायच्या आत सोडवला. त्यांनी 'प्रस्तावित अधिकृत डीलर' असा गोल शिक्का करून आणला. 'प्रस्तावित' हा शब्द एवढा बारीक की तो कडेची नक्षी वाटावा. या देशात शिक्क्याला जो मान आहे तो कागदावर काय लिहिलंय त्याला नाही. फिझानं शिक्का बघितला, सर्टिफिकेटांचा नमुना अपलोड केला आणि 'यल्ला', म्हणजे चला, म्हणून आम्हाला रस्ता मोकळा करून दिला. आता सर्टिफिकेट द्यायला माणसंच तेवढी हवी होती.

ती विभावरीताईंनी दिली. विभावरीताई आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. खलिफा सिटीत त्यांचा व्हिला आहे आणि त्या व्हिलाच्या गॅरेजमध्ये गाडी नसून मंडळाची मखरं, फेटे आणि स्पीकर आहेत. आईकडून त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला फोन करून विचारलं की तुला माणसंच हवीत ना? माणसं मी देते. एका शनिवारी सकाळी हॉल गुणवंतरावांनी बुक करायचा, दुपारचं जेवण गुणवंतरावांचं, बाकी मंडळ बघून घेईल. तासाभरात ग्रुपवर पत्रिका आली. 'हिमोत्सव.' खाली बर्फाच्या डोंगरावर फेटा बांधलेला गणपती. सगळ्यात खाली, संपर्क क्रमांकांच्याही खाली, 'तसेच मागील सस्पेन्शन'.

मी विभावरीताईंकडे जाऊन माझी पद्धत समजावली. प्रत्येकाला बाजूला घेऊन, एकट्याला, तेच प्रश्न. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की अरे, एकेकाला असं कोपऱ्यात घेतलंस तर लोकांना वाटेल काहीतरी गडबड आहे. आपल्याकडे रीत आहे. शेवटी मनोगत असतं. माईक फिरेल, ज्याला त्याला दोन मिनिटं. वीसच्या वीस मतं, आणि रेकॉर्डिंगसकट.

इथे मी हरलो, पण मला ते तेव्हा कळलं नाही. मनोगत म्हणजे मनातलं, असा शब्दाचा अर्थ मी घेतला होता. मी मंडळाच्या कार्यक्रमांतच लहानाचा मोठा झालोय. कोजागरीला, दिवाळी पहाटेला शेकडो मनोगतं ऐकलीत. एकातही कोणी मनातलं बोललेलं मला आठवत नाही. तरी मी त्याला डेटा समजलो. इतकी वर्षं शिकून.

हिमोत्सवाच्या सकाळी बाहेर ऊन असं होतं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता आणि आत शून्याखाली दोन. दारात हॉलचे भाड्याचे कोट मिळत होते, सगळे एकाच निळ्या रंगाचे. बायकांनी पैठण्यांवर ते चढवले. बाबांनी कोटाचं भाडं ऐकून दिरहमचे रुपये करायला सवयीनं मनातल्या मनात त्याला तेविसानं गुणलं. त्यांचे ओठ हलतात म्हणून कळतं. मग ते म्हणाले की एवढ्यात गावी, बुलढाण्याला, नवीन कोट येईल. बुलढाण्याला कोट कशाला लागेल हे त्यांना कोणी विचारलं नाही.

बाबांची पाठ तशी जुनी दुखरी. इतकी वर्षं एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या अकाउंट्स खात्यात खुर्चीवर बसून ती तशी झालेली. ते गाडीवर बसणार नाहीत असं घरी ठरलं होतं. आईनं ठरवलं होतं. पण यादीतली दोन कुटुंबं मुलांच्या क्लासमुळे आली नाहीत आणि आकडा एकोणिसावर आला. गुणवंतकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून बाबांकडे बघितलं. बाबांनी कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, "मुलाचा प्रोजेक्ट आहे. बापच बसला नाही तर बरं दिसेल का?"

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. पण तोवर विभावरीताईंनी माईकवरून जाहीर केलं होतं की शुभारंभाचा मान सत्यजितच्या वडिलांना, श्री. आत्माराम यांना. एकदा मान दिला की तो परत घेता येत नाही. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, त्यावर विभावरीताईंनी हौसेनं अष्टगंधाचा टिळा लावला. शारजाहून आणलेल्या नमुन्याच्या मशीनला हार होताच. नारळ बर्फावर फुटेना, तो शेवटी यहयानं फावड्यानं फोडला.

ट्रेनर म्हणून गुणवंतकाका स्वतः मागे बसणार होते. सर्टिफिकेटावर तसंच लिहिलं होतं. काकांनी आपला फोन फोटो काढायला ओवीकडे दिला, कारण त्यांच्या फोनचा कॅमेरा चांगला, आणि ते बाबांच्या मागे चढले. काकांचं वजन मी इथे देत नाही. ते बसल्यावर मशीनचा मागचा भाग खाली गेला आणि परत वर आला नाही, इतकंच नोंदवतो. मी जवळ होतो. माझा फोन रॅकला चिकटपट्टीनं बांधून त्याचं रेकॉर्डिंग सुरू करून नुकताच बाजूला झालो होतो. मी काकांना म्हटलं की दोघांच्या वजनाला स्प्रिंगेत जागाच उरलेली नाही. हे डिझाइन खोल, भुसभुशीत बर्फासाठी केलेलं आहे. इथला बर्फ यंत्रातला, गोळ्याच्या गाडीवरच्या लादीसारखा टणक. काका म्हणाले की हेच तर टेस्ट करायचंय.

हॉलच्या टोकाला मुलांच्या घसरगुंडीसाठी केलेले दोन उंचवटे होते. पहिल्यावरून गाडी नीट उतरली. दुसऱ्यावर ती जराशी उचलली गेली, फार नाही, स्पीडब्रेकरवर बस उचलली जाते तेवढी, आणि खाली आली. एक आवाज झाला. लोखंडाला लोखंड लागल्याचा. स्प्रिंग संपल्याचा. मी ज्याची वाट बघत होतो तोच आवाज, आणि तो आला तेव्हा मला एक क्षण आनंद झाला, कारण माझं गणित बरोबर निघालं होतं. मग मला आठवलं, वर कोण बसलंय.

गाडी थांबली. बाबा जागचे हलले नाहीत. गुणवंतकाका मात्र चपळाईनं उतरले आणि ऑफिसचा महत्त्वाचा फोन आहे म्हणत हातमोजा कानाला लावून कोपऱ्यात गेले. त्यांचा फोन ओवीच्या हातात होता. तिनं फोनकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि मला विचारलं, "हू इज ही टॉकिंग टू?" तो कॉल फार लांबला. उरलेल्या रायडर्सना काकांनी लांबून, हातवाऱ्यांनी ट्रेनिंग दिलं. स्वतः परत मशीनवर बसले नाहीत.

बाकीचे एकेकटे बसले, त्यामुळे त्यांना धक्के कमी लागले, पण लागले. प्रत्येक जण दुसऱ्या उंचवट्याला एकच आवाज काढत होता, 'अं' आणि 'आई' यांच्या मधला. उतरल्यावर प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालायचा आणि मग कोणी बघतंय म्हणून हात काढायचा. मी हे सगळं बघत होतो. कुठल्याही प्रयोगात एवढी स्पष्ट निरीक्षणं मिळत नाहीत.

मग जेवण झालं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, आणि शून्याखालच्या हॉलमधून बाहेर आलेल्या माणसांना ते जसं लागतं तसं ते लागलं. जेवणानंतर सगळे पुन्हा कोट चढवून आत गेले, कारण स्टेज आतच केलं होतं, आणि मनोगताला सुरुवात झाली. स्टेजच्या मधोमध गुणवंतकाका, खांद्यावर शाल, मांडीवर दुसरा नारळ.

पहिल्या गृहस्थांनी गुणवंतरावांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. दुसऱ्या बाईंनी श्रीखंडाचं. तिसरे म्हणाले की आखातात राहून मुलांना बर्फ दाखवता आला हे आईवडिलांचे आशीर्वाद. एका काकूंनी चारोळी म्हटली, तिच्यात 'हिम' आणि 'टीम' होतं. मी प्रत्येकाला माईक देताना हळूच आठवण करत होतो, मागचं सस्पेन्शन, काका, मागचं सस्पेन्शन. तेव्हा ते घाईनं शेवटी जोडायचे की मागचं सस्पेन्शनही उत्तम होतं. जसं आभारप्रदर्शनात मांडववाल्याचं नाव घेतात तसं. यातला एकही माणूस खोटारडा नाही. ते बँकेत, तेलकंपनीत, हॉस्पिटलात जबाबदारीची कामं करतात. पण ज्याचं श्रीखंड अजून ओठांना आहे, त्याच्या स्प्रिंगेला त्याच्या तोंडावर, माईकवरून नावं ठेवायची, हे आमच्यातल्या कोणाला कधी जमलेलं नाही. मलाही नाही. मी तिथे होतो, माईक माझ्याच हातातून जात होता.

शेवटी बाबा. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. चेहरा पांढरा होता. थंडीनं, असं लोकांना वाटलं. त्यांनी माईक घेतला, गुणवंतकाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी अतिशय आरामदायक आहे," बाबा म्हणाले. "विशेषतः मागून. प्रवासाचा काही त्रासच जाणवला नाही."

टाळ्या झाल्या. हातमोजे घातलेल्या टाळ्यांना आवाज नसतो. नुसती निळ्या हातांची हालचाल दिसते.

घरी येताना बाबा गाडीत पुढची सीट मागे पाडून आडवे होते आणि मी गाडी चालवत होतो. रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याला मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की जुनी चकती आणखी सरकलीय. पट्टा बांधा, बसणं बंद, उभं राहा किंवा झोपा. कशानं झालं असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, मॉलमध्ये पाय घसरला.

मी त्या रात्री फोनमधला आलेख उघडला. बाबांच्या फेरीतल्या दुसऱ्या उंचवट्यापाशी रेघ सरळ वर गेली होती आणि वर जाऊन सपाट झाली होती. त्याचा अर्थ धक्का तिथे थांबला असा नाही. सेन्सरला त्यापुढे मोजताच येत नाही, असा. मी रिपोर्ट लिहिला. आलेख, वजनं, बर्फाचा टणकपणा, आणि निष्कर्ष: नवं डिझाइन टणक बर्फावर तळाला टेकतं, दोन माणसं असतील तर नक्की, आणि धक्का पाठीला लागतो. मला तो चांगला वाटला. अजून वाटतो.

गुणवंतकाकांनी तो त्यांच्या केबिनमध्ये वाचला. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की कंपनीनं काय मागितलंय, रायडर्सची मतं की तुझं मत? तू बसला होतास का गाडीवर? मी नव्हतो बसलो. मोजणारा माणूस बसला तर मोजणार कोण, असं मी ठरवलं होतं. मग ते म्हणाले, रायडर्स काय म्हणाले ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. लिही ते.

मी म्हटलं, "काका, तुम्हीसुद्धा दुसऱ्या उंचवट्यानंतर उतरलात."

"मला फोन आला होता," गुणवंतकाका म्हणाले.

मग ते मायेनं म्हणाले की हे बघ सत्या, तुला एक सांगतो. विसातला एक जरी रायडर म्हणाला ना की त्रास झाला, तरी मी तुझा हा आलेख जसाच्या तसा पाठवतो. एकच आण. आणि ते खरं बोलत होते, कारण त्यांना माहीत होतं, तो एक कोण आहे आणि तो काय म्हणणार आहे.

मी घरी आलो. बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे राहून जेवत होते. आता ते तसंच जेवतात. ताट ओट्यावर, एक हात कट्ट्याला. मी म्हटलं, बाबा, एक ओळ. फक्त खरं काय झालं ते. पाठीत कळ आली एवढं रेकॉर्ड करून द्या. बाकी मी बघतो.

बाबांनी घास संपवला.

"माझी पाठ माझी आहे," ते म्हणाले. "व्हिसा तुझा आहे."

मी म्हणालो की प्रश्न व्हिसाचा नाही, प्रश्न मोजमापाचा आहे. ते म्हणाले की मग मोज. तीस वर्षं मी या देशात आहे. तीस वर्षं कोणी विचारलं कसं चाललंय, तर मी काय सांगत आलो? आता एका गाडीसाठी खरं बोलायला लागू? आईनं मध्ये हात घालून त्यांच्या ताटात भात वाढला आणि मला म्हणाली, "तू बस जेवायला. तुला बसता येतंय ना."

मी रायडर्सची मतं लिहिली. वीसच्या वीस, रेकॉर्डिंगमधून, शब्दशः. श्रीखंडाचे उल्लेख तेवढे गाळले. आलेख जोडला नाही, मागितलाच नव्हता. काकांनी डीलरशिपच्या पत्राची वाट न बघता फाइल टाकली आणि वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात माझा व्हिसा आला. त्यावर माझा हुद्दा स्टोअरकीपर असा आहे, कारण काकांच्या कंपनीच्या कोट्यात तेवढीच जागा शिल्लक होती.

मला तेव्हा वाटलं होतं की कोण विचारतंय या मतांना. पण त्या कंपनीतली माणसं माझ्यासारखीच पद्धतशीर निघाली. त्यांनी सगळीकडची मतं एकत्र केली. जिथे खरा बर्फ पडतो तिथल्या सगळ्या रायडर्सनी एकजात सांगितलं होतं की हे सस्पेन्शन पाठ मोडतं. त्यांनी ते लांबलचक, शिव्या देऊन सांगितलं होतं. कंपनीच्या साइटवर वाचायला मिळतं, मी अजून कधीकधी वाचतो, बरं वाटतं. सगळ्या जगात एकाच प्रदेशात पूर्ण समाधान होतं. आमच्या. तेव्हा कंपनीनं ते डिझाइन बर्फाच्या देशांतून मागे घेतलं आणि तयार झालेली सगळी मशीनं जिथे त्यांचं मनापासून स्वागत झालं होतं तिथे पाठवायचं ठरवलं. डीलरशिपचं पत्रही त्याच पार्सलात आलं.

ती मशीनं आता शारजाच्या शेडमध्ये आहेत, पंपांच्या मागे, पत्र्याखाली. बाहेर पंचेचाळीस, आत त्याहून जास्त. ती विकणं माझं काम. अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. इन्शाल्ला येईल.

मशीनांसोबत कंपनीनं एक पोस्टरही पाठवलं. आखातासाठी खास. त्यावर बाबा आहेत. काकांच्या फोनवर ओवीनं काढलेला, त्या दुसऱ्या उंचवट्यानंतरचा नेमका क्षण. काकांनी तो कौतुकानं कंपनीला पाठवला होता. बाबांचे डोळे मिटलेले, दात दिसतायत, मान मागे गेलेली. हेल्मेटवर टिळा. मागे काकांचं नुसतं एक कोपर. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, माणूस हसतोय. खाली मोठ्या अक्षरांत त्यांच्या मनोगताचं इंग्रजी भाषांतर. काकांनी ते फ्रेम करून रिसेप्शनमध्ये सोफ्याच्या वर लावलं.

गेल्या महिन्यात बाबा मला जेवणाचा डबा द्यायला शारजाला आले. अबू धाबीहून एवढ्या लांब, टॅक्सीत मागच्या सीटवर आडवे पडून. डबा निमित्त होतं, त्यांना माझं ऑफिस बघायचं होतं. सहा महिने झाले तरी त्यांनी ते बघितलं नव्हतं. मी त्यांना सोफा दाखवला. ते बसले नाहीत. पोस्टरसमोर कमरेच्या पट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ.

"फोटो बरा आलाय," बाबा म्हणाले. "बसलेला."